गोचिडीच्या मागावरची माणसं

सरकारी नोकरीत माझं पद होतं ‘कीटक समाहारक’. पगारपत्रकावर हे भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात काम म्हणजे डास धरणं. पहाटे लोकांच्या गोठ्यात आणि माजघरात शिरायचं, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर टेकलेला डास काचेच्या नळीने तोंडाने ओढून घ्यायचा, परीक्षानळीत सोडायचा, कापसाचा बोळा लावायचा आणि वर गाव, घर, वेळ लिहायची. कधी रात्रीची पाळी असे. तेव्हा लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून अंधारात स्टुलावर बसायचं आणि पायावर उतरलेला डास चावण्याआधी उचलायचा. चावण्याआधीच उचलला असं दर वेळी होत नसे, हे सांगायला नको. घरचे विचारत, ‘तुला पगार डासांना रक्त पाजायचा मिळतो काय?’ विचारणं चुकीचं नव्हतं.

या कामाची परंपरा जुनी आहे. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. तो डास ज्याच्या रक्तावर पोसला गेला, तो हिवतापाचा रोगी हुसेन खान मात्र पुस्तकात नसतो. मच्छरदाणीत झोपून डास चावून घ्यायचे आणि दर डासामागे एक आणा घ्यायचा, असा सौदा ठरला होता. दहा डास, दहा आणे. रॉसला पुढे नोबेल मिळालं. हुसेन खानचं काय झालं असेल, याचा विचार मी नळी तोंडाला लावताना पुष्कळदा केला आहे. आमच्या धंद्याचा मूळपुरुष मी त्यालाच मानतो.

पण आज लिहायचंय ते डासांबद्दल नाही. २०१६ च्या सुरुवातीला आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाकडे माकडतापाचे रुग्ण सापडले आणि डासावर आयुष्य काढलेली आमच्यासारखी माणसं गोचिडीच्या मागे लागली. लोक म्हणाले, नवीनच रोग आला. वर्तमानपत्रांनीही तसंच छापलं. रोग नवा नव्हता. त्याचा सगळा कुळाचार साठ वर्षांपूर्वी पुण्याच्या माणसांनी रानात हिंडून लिहून ठेवला होता.

ती गोष्ट १९५७ ची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात शिमोगा जिल्ह्यातले सागर आणि सोरब हे मलनाडचे तालुके, म्हणजे घाटमाथ्याचा पावसाळी मुलूख. भातशेती, सुपारीच्या बागा आणि भोवती रान. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे माणसं तापाने आजारी पडू लागली. एकाएकी भडकणारा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणं, लाल डोळे, काहींच्या नाकातोंडातून रक्त. आधी विषमज्वराचा संशय आला. पण गावकऱ्यांच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली होती: त्याच दिवसांत रानात माकडं मरून पडत होती. काळतोंडी वानरं आणि टोपीवाली लाल माकडं, दोन्ही. गावात त्याला ‘मंगन कायिले’, माकडांचा आजार, म्हणायला सुरुवातही झाली होती. शास्त्रज्ञ पोचण्याआधी निदानाचा अर्धा भाग गावाने केलेला होता.

पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर उघडलं होतं. हीच संस्था १९७८ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी म्हणून ओळखली जाते. कीटकांमार्फत पसरणारे कोणते विषाणू या देशात आहेत ते शोधणं, हे तिचं मूळ काम. सुरुवातीलाच स्मिथबर्न, केर आणि आपले गटणे यांनी देशातल्या ठिकठिकाणच्या माणसांचं रक्त तपासून १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. कोणत्या विषाणूंची प्रतिपिंडं लोकांच्या अंगात आहेत, याची ती पहिली मोठी नोंद. झिकाचं नाव जगाने २०१६ मध्ये ऐकलं. या यादीत ते तेव्हाच होतं. तिच्यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती. रशियात वसंत-ग्रीष्मात मेंदूज्वर करणारा एक गोचिडीचा विषाणू आहे, त्याच्या जातकुळीची प्रतिपिंडं सौराष्ट्राकडच्या काही माणसांत मिळाली होती. त्या वेळी त्याचा अर्थ कुणाला लागला नाही.

१९५७ मध्ये संचालक होते टेलफर्ड वर्क. माकडं मरतायत आणि माणसांना ताप येतोय, हे ऐकल्यावर त्यांच्या पोटात गोळा आला असणार. कारण ही लक्षणं आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराची. तिथे रानातली माकडं मरू लागली की पुढचा नंबर माणसांचा. पीतज्वर आशियात कधीच आलेला नव्हता आणि आला असता तर तो वाहून नेणारा एडिस इजिप्ती डास आपल्या प्रत्येक शहराच्या टाकीत आणि रांजणात तयारच होता. वर्क यांच्याबरोबर गेले हॅरॉल्ड ट्रॅपिडो. हे पनामात रानातल्या पीतज्वरावर काम करून आलेले, म्हणजे नेमका हवा तो माणूस. पुण्याची मंडळी सागरला मुक्काम टाकून रानात शिरली.

मेलेलं माकड मिळवणं सोपं नसतं. उष्ण दमट रानात ते काही तासांत कुजतं आणि त्याआधी कोल्हे, रानडुकरं येतात. ताजं मिळालं तर रानातच फाडायचं, अवयवांचे तुकडे बर्फात ठेवायचे, पुण्याला पाठवायचे. क्यासनूर गावाजवळच्या रानातल्या माकडापासून विषाणू वेगळा झाला आणि रोगाला त्या रानाचं नाव चिकटलं: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. उंदरांच्या पिल्लांत टोचून वाढवलेला तो विषाणू पीतज्वराचा नव्हता. निघाला तो त्या रशियन मेंदूज्वराच्या भावकीतला. आणि त्या भावकीत वाहक डास नसतो, गोचीड असते. सगळा तपास एका झटक्यात झाडांच्या शेंड्यावरून खाली पातेऱ्यात आला.

इथे आमच्या धंद्याचं काम सुरू होतं आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण संशोधनाच्या इतिहासात या भागावर कोणी ओळभर लिहीत नाही.

रानातली गोचीड धरायची ती कापडाने. पांढऱ्या फ्लॅनेलचा मीटरभर तुकडा, एका कडेला काठी शिवलेली, काठीला दोरी. तो पालापाचोळ्यावरून आणि खुरट्या झुडपांवरून सावकाश ओढायचा. घाई केली की गोचीड चिकटत नाही. गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते आणि अंगाला घासून जाणाऱ्या कशालाही धरते, मग ते माकड असो, गाय असो की तुमची पँट. काही पावलं गेलं की कापड उलटायचं. आधी काही दिसत नाही. मग खसखशीच्या दाण्याएवढा एक ठिपका चालू लागतो. त्याच्या शेजारी दुसरा. ही अर्धवाढीची गोचीड. तिला बारीक चिमट्याने उचलायचं, पण दाबायचं नाही. चिरडली तर आतला विषाणू बोटावर. नळीत हिरव्या गवताची काडी ठेवायची, कारण कोरड्या नळीत ती मरते. कापड संपलं की स्वतःला तपासायचं: मोजे, कमरेचा पट्टा, काखा, कानामागची बाजू. हे दोघांनी एकमेकांचं करायचं. लाज सोडायची.

१९५७ नंतर सागरच्या रानात वर्षानुवर्षं हेच चाललं. उंदीर, चिचुंद्री, खारी, साळिंदरं सापळ्यात धरली, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचल्या. रानकोंबडे आणि जमिनीवर चरणारे पक्षी पाहिले. गुरांच्या कानांत आणि मानेखाली पाहिलं. हजारो गोचिडींच्या जाती ओळखून, गट करून, वाटून, उंदरांत टोचून पाहायच्या, हे कारखान्यासारखं काम. त्यातून नाव पुढे आलं हिमाफायसॅलिस स्पिनिजेराचं. मुख्य गुन्हेगार ही. आता या कामात विषाणूची बाधा पुण्याच्या लोकांनाही झाली. प्रयोगशाळेत आणि रानात काम करणारे अनेक कर्मचारी या तापाने अंथरुणाला खिळले. त्या काळात आजच्यासारख्या बंदिस्त प्रयोगशाळा नव्हत्या. सर्वोच्च सुरक्षेची, चौथ्या स्तराची प्रयोगशाळा पुण्यात आली ती थेट २०१२ मध्ये.

या गोचिडीचं आयुष्य समजलं की रोगाचं अर्धं कोडं सुटतं. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहा पाय. एकदा रक्त पिऊन कात टाकली की आठ. आणखी एकदा प्यायली की प्रौढ. तीन अवस्था, तीन जेवणं आणि दर जेवणाला नवं जनावर. पिल्लं आणि अर्धवाढीच्या गोचिडी छोट्या प्राण्यांवर, पक्ष्यांवर, माकडांवर आणि सापडला तर माणसावर. प्रौढ मात्र मोठ्या जनावराच्या शोधात असते. रानात पूर्वी ती सांबर, गवा यांच्यावर भागवत असे. आता रानात सर्वांत जास्त संख्येने फिरणारं मोठं जनावर कोणतं? गाय, बैल, म्हैस. पावसाळ्यात रानात चरायला सोडलेल्या गुरावर मादी टम्म होते, पातेऱ्यात गळून पडते आणि हजारोंनी अंडी घालते. पावसाळा सरला की पिल्लं, आणि डिसेंबरपासून मेपर्यंत अर्धवाढीच्या गोचिडींचा सुकाळ. माणूस लाकूडफाट्याला, पातेरा गोळा करायला, कवळ तोडायला रानात जातो तो याच महिन्यांत. गाईच्या रक्तात हा विषाणू टिकून पुढे जात नाही. पण गाय गोचिडींची संख्या वाढवते. माकड उलटं करतं: त्याच्या अंगात विषाणू खदखदतो, ते मरतं आणि त्याच्यावरच्या विषाणू घेतलेल्या गोचिडी एका ठिकाणी खाली उतरतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतालची जमीन सर्वांत धोक्याची.

मग हा रोग १९५७ मध्येच का उफाळला? यावर विचार करणारा माणूस होता जॉर्ज बोशेल, कोलंबियाचा. तिकडे लाकूडतोडे झाड पाडतात तेव्हा शेंड्यावरचे पीतज्वराचे डास खाली येतात, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुण्याच्या केंद्रात आल्यावर त्याने क्यासनूरकडेही तसंच पाहिलं आणि १९६९ मध्ये आपलं म्हणणं मांडलं: विषाणू रानात आधीपासून असावा, माणसाने रान फोडलं, गुरं आत घातली, मोकळ्या कडांवर घाणेरी आणि झुडपं माजली, आणि गोचिडींना कधी नव्हे इतकं खाणं मिळालं.

या सगळ्याआधी काय झालं होतं, ते आमच्या हिवताप खात्यातल्या माणसाला जरा जास्तच टोचतं. घाटमाथ्यावर आणि कानडात वस्ती विरळ होती याचं मोठं कारण हिवताप. डोंगरातल्या झऱ्यांत वाढणारा फ्लुव्हियाटिलिस जातीचा डास गावंच्या गावं वसू देत नसे. दुसरं महायुद्ध संपलं आणि मुंबई प्रांताच्या हिवताप विभागाचे डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनी उत्तर कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारायला सुरुवात केली. ग्रामीण भागात या औषधाने हिवताप आटोक्यात येतो हे आपल्याकडे दाखवून देणाऱ्या पहिल्या कामांपैकी ते एक. गावं उठली, माणसं टिकू लागली, नवी आली, शेती वाढली, गुरं वाढली. रामचंद्र राव पुढे पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे संचालक झाले. म्हणजे ज्या हाताने डासाचा बंदोबस्त केला, त्याच हातात नंतर गोचीड आली. म्हणून हिवताप घालवायला नको होता, असं कुणी म्हणू नये. तसं म्हणणाऱ्याने थंडी वाजून येणारा ताप पाहिलेला नसतो. फक्त मोकळ्या झालेल्या रानाचं पुढे काय करायचं, याचा विचार कुणाच्या कामात बसत नव्हता.

पक्ष्यांचा एक फाटाही या गोष्टीला आहे. विषाणू रशियाच्या भावकीतला निघाल्यावर शंका आली की सैबेरियातून येणारे स्थलांतरित पक्षी गोचिडी आणत असतील. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत सालिम अली यांनी पक्ष्यांना वाळे घालण्याचं मोठं काम सुरू केलं. रशियातून विषाणू येतो असं काही सिद्ध झालं नाही, पण आपल्या देशातल्या पक्ष्यांच्या प्रवासाची माहिती त्यातून उभी राहिली. पुढे या कामात अमेरिकी लष्कराचा पैसा आला, तेव्हा गदारोळ झाला. जैविक युद्धाच्या शंका निघाल्या, संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये परदेशी मदतीच्या संशोधनावर ताशेरे ओढले, आणि दिल्लीजवळ नपुंसक नर डास सोडण्याचा प्रयोगही त्याच वर्षी गुंडाळला गेला. शंका अगदी निराधार होत्या असं मी म्हणणार नाही. लष्कर पक्ष्यांवर प्रेम करून पैसे देत नाही. पण त्या धुरळ्यात रानात फिरून कीटक धरण्याच्या कामाची जी पत गेली, ती नंतर पुरती परत आली नाही, असं माझं मत आहे.

महाराष्ट्राच्या बाजूने या काळात नावं येतात ती दुसऱ्याच रोगांची. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू मिळाला, त्याला गावावरून चांदीपुरा म्हणतात. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाने लोकांचे सांधे धरले. गोचिडीचा रोग मात्र कर्नाटकापुरता आहे, असं आपण धरून चाललो.

तो कर्नाटकात स्थिर बसलेला नव्हता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कानडात बेळ्तंगडी तालुक्यात मोठी साथ आली: दीड हजारांवर रुग्ण, दीडशेच्या आसपास मृत्यू. तिथे काय झालं होतं? जुनं रान तोडून काजू लावला होता. मार्क निश्टर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये या साथीवर लिहिताना तिला विकासाचा आजार म्हटलं. मग काही काळ शांत. २०१२ च्या अखेरीस बंडीपूरच्या बाजूला मेलेली माकडं हाताळणारे, जाळणारे कामगार आजारी पडले. पुढच्या वर्षी केरळातलं वायनाड आणि तामिळनाडूतला निलगिरी. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाली. आणि २०१६ मध्ये आम्ही. दक्षिणोत्तर सह्याद्रीचा नकाशा समोर ठेवला तर मार्ग बोटाने काढता येतो. तो २०१५ मध्येही काढता आला असता.

बेळ्तंगडीच्या साथीत आलेला काजू या गोष्टीत पुढेही परत येतो. गोव्यात काजूच्या बागेत काम करणाऱ्यांमध्ये बाधा जास्त दिसली. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडे फेब्रुवारी ते मे सगळं घर काजूत असतं. बोंडं झाडावरून काढत नाहीत, पडू देतात आणि पातेऱ्यातून वेचतात. ओणवं होऊन, हाताने पालापाचोळा सारत, दमल्यावर त्यातच बसून. गोचिडीने माणूस मागवून घेतला असता तरी याहून सोयीचा मिळाला नसता. आम्ही गावोगाव फिरून अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल वाटलं. एका बागेत एक बाई म्हणाली, ‘‘भाऊनु, तेल लावा म्हणतास, पण घामान ता कितक्या वेळ रवतला? आणि बोंडां काय तुमी पुंजावतलास?’’ उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेल घामाने जातं हे खरंच आहे, दर थोड्या वेळाने पुन्हा लावावं लागतं. आणि वर्षाचं उत्पन्न पातेऱ्यात पडलेलं असताना रानात जाऊ नका, हा सल्ला पगारदार माणूसच देऊ शकतो.

लशीची गोष्ट थोडक्यात. आधी रशियन विषाणूवरची तयार लस टोचून पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. मग याच विषाणूपासून पुण्यात लस तयार झाली आणि कर्नाटकात अनेक वर्षं दिली गेली. तिचे डोस एका महिन्याच्या अंतराने दोन, मग पुन्हा, मग दर वर्षी. तिचा परिणाम पुरेसा नाही हे दिसत गेलं आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नवी लस बनवण्याचं काम चालू आहे. तोवर औषध म्हणाल तर या विषाणूवर नेमकं नाही. रुग्णाला सांभाळायचं, पाणी-सलाइन, रक्तस्रावावर लक्ष. शंभरातले तीन ते पाच दगावतात. वाचलेल्यांना अंगात ताकद यायला महिने लागतात.

म्हणून शेवटी माकडं मरत असल्याची बातमी लवकर मिळणं, हाच आज उपाय. आणि ती बातमी यंत्र देत नाही. १९५७ मध्ये ती सागरच्या गावकऱ्यांनी दिली होती. रानात पाय ठेवणारी माणसं आणि कापड ओढणारे हात आरोग्य खात्यात कमी होत गेले, तर पुढचं गाव कोणतं हे आपल्याला पुन्हा रुग्णालयातूनच कळेल.

तेव्हा सिंधुदुर्गातल्या, गोव्यातल्या आणि घाटमाथ्यावरच्या वाचकांना एवढंच सांगतो. डिसेंबर ते मे या काळात रानात किंवा बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, देव म्हणून पुरायलाही जाऊ नका, गुरं तिकडे सोडू नका. जागा लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करताना अंग तपासा. ताप आला तर डॉक्टरांना तापासोबत हेही सांगा की आपण गेल्या आठवड्यात काजूत होतो.